महामारीतील दूरस्थ मानसिक आधार आणि भाषा

कोविडच्या महामारीत भारतामध्ये मानसिक आधाराची जी दूरस्थ व्यवस्था उभी राहिली, तिचा इतिहास बहुधा यंत्रसाधनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो भाषेचाही इतिहास होय.

ह्या व्यवस्थेचा आरंभ महामारीत झाला नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने दूरध्वनी व ई-मेलद्वारा समुपदेशन करणारा ‘आयकॉल’ हा उपक्रम २०१२ मध्येच सुरू केला होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून राहतात, असे आढळले. गरज जुनीच होती; महामारीने ती उघड केली, इतकेच.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी अंमलात आली आणि त्याच दिवशी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. ७ सप्टेंबर २०२० रोजी ‘किरण’ ही दूरध्वनी-सेवा तेरा भाषांत सुरू झाली. मराठी त्यांपैकी एक होती. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ची स्थापना झाली आणि २०२४ मध्ये तिला मोबाइल ॲपची जोड मिळाली.

भाषांची ही संख्या केवळ सोयीची बाब नव्हे. समोर बसलेल्या रुग्णाचा चेहरा व हातांची चाळवाचाळव वैद्याला दिसते. दूरध्वनीवर केवळ आवाज उरतो. लेखी संभाषणात तोही नाहीसा होतो. सारा भार शब्दावर पडतो. मराठी माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘जीव घाबरतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘काही सुचत नाही’ असे तो म्हणतो. ‘जीव नकोसा झाला’ हे वाक्य तर रोजच्या त्राग्यातही येते आणि मरणाच्या निश्चयातही. तेथे अर्थभेद सुराने होतो, आणि लेखनात सूर उमटत नाही.

तथापि एकाच खोलीत सारे कुटुंब कोंडलेले असताना मोठ्याने बोलणे अनेकांना अशक्य होते. त्यांना निःशब्द लेखनाचाच आधार होता. म्हणून लेखी मार्ग त्याज्य ठरत नाही. जे सुराने कळत नाही ते समुपदेशकाने स्पष्टपणे विचारले पाहिजे. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही, असे संशोधन सांगते. मात्र तो प्रश्न पीडिताच्याच बोलीत विचारला गेला, तरच त्याला खरे उत्तर मिळण्याचा संभव असतो.