कोरी तबकडी

यंत्राची पारख करणारीं माणसें घरोघर भेटतात. परंतु यंत्रांत घालावयाच्या कोऱ्या वस्तूची पारख करणारा क्वचितच आढळतो. लेखणी कोणती घ्यावी याचा विचार दहा जण करतील, पण कागद उजेडाकडे धरून पाहणारा त्यांत एखादाच निघेल. आणि गंमत अशी कीं, कालांतरानें लेखणी हरवते व मागें राहतो तो कागदच. घरगुती डी.व्ही.डी. रेकॉर्डर या यंत्राचा अल्पसा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट विशेष स्पष्टपणें ध्यानांत येते. सन १९९९ मध्यें तें बाजारांत आलें, आणि वीस वर्षें लोटण्यापूर्वींच बहुतेक घरांतून त्याची गरज सरली. परंतु त्यानें मुद्रित केलेल्या तबकड्या अद्यापि कपाटांत पडून आहेत. त्यांपैकीं कोणती बोलेल आणि कोणती मुकी राहील, हें पुष्कळ अंशीं ठरलें तें यंत्र विकत घेतांना नव्हे, तर कोरी तबकडी विकत घेतांना.

हा प्रश्न नवा मात्र नाहीं. नभोवाणीच्या आरंभीच्या काळांत भाषणें व गाणीं टिपून ठेवण्यास अशाच कोऱ्या तबकड्या लागत. १९३४ सालीं अमेरिकेंतील प्रेस्टो कंपनीनें धातूच्या चकतीवर सेल्युलोज नायट्रेटचा लेप दिलेली तबकडी विक्रीस आणली. वक्ता बोलत असतां तिच्यावर सुई रेघा कोरीत जाई, आणि भाषण संपतांच तें पुनः ऐकतां येई. दुसऱ्या महायुद्धांत ॲल्युमिनियमची टंचाई पडली, तेव्हां कांचेच्या चकतीवर तोच लेप देण्यांत येऊं लागला. कांच ती कांचच. हातांतून निसटली कीं भाषण गेलें. जी वांचली तिच्यावरील लेप वर्षानुवर्षें आक्रसत गेला, त्यास मऊपणा यावा म्हणून घातलेलें एरंडेल विघटन पावून पृष्ठावर पांढरी साय धरूं लागलें, आणि अखेरीस लेप भेगाळून सुटला. मुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाचा यांत कांहींएक अपराध नव्हता. त्यानें आपलें काम चोख केलें होतें. दगा दिला तो आधारद्रव्यानें. साठ-पासष्ट वर्षांनीं हाच धडा सामान्य गृहस्थास आपल्या दिवाणखान्यांत बसून गिरवावा लागला.

प्रकाशकिरणानें लिहिण्याच्या तबकडीचा जन्म जपानांत झाला. कारखान्यांत छापून निघणाऱ्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें सूक्ष्म खळगे ठशानें उठविलेले असतात. ग्राहकास त्यांत भर घालतां येत नाहीं. १९८८ सालीं ताइयो युदेन या कंपनींतील एमिको हामादा व त्यांचे सहकारी यांनीं सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर देऊन ही अडचण दूर केली. लेसर किरणाच्या तापानें तें रंगद्रव्य जागच्या जागीं पालटतें, आणि पुढें वाचणाऱ्या किरणास तेथें जणूं खळगाच असल्याचा भास होतो. एका अर्थीं ही शाईनें लिहिलेलीं अक्षरेंच होत. आणि शाई म्हटली कीं ती पक्की कीं कच्ची, हा प्रश्न ओघानेंच आला.

डी.व्ही.डी.चें मान १९९५ सालीं ठरलें व पुढील वर्षीं जपानांत चित्रपट दाखविणारीं यंत्रें विक्रीस आलीं. ही तबकडी जुन्या कॉम्पॅक्ट डिस्कएवढीच, म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाची व १.२ मिलिमीटर जाड. परंतु ती प्रत्येकीं ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून केलेली असते. रंगद्रव्य आणि त्यामागील चकाकता धातु हे दोन्ही थर या चकत्यांच्या मध्यें राहतात. डिसेंबर १९९९ मध्यें पायोनियर कंपनीनें संगणकावांचून चालणारा पहिला घरगुती रेकॉर्डर जपानांत आणला. दूरदर्शन संचाची तार किंवा जुन्या कॅसेट-यंत्राची तार त्यास जोडावी, कोरी तबकडी आंत सारावी, आणि कळ दाबावी. एवढ्यानें चित्र व ध्वनि तबकडीवर उतरूं लागत.

इतकें सोपें काम अवघड झालें तें कारखानदारांच्या दुफळीमुळें. पायोनियरच्या पक्षानें डी.व्ही.डी. मायनस आर आणि मायनस आर-डब्ल्यू या तबकड्या पुढें केल्या. मात्सुशिता, हिताची व तोशिबा यांनीं डी.व्ही.डी. रॅमची बाजू घेतली. फिलिप्स, सोनी, ह्युलेट-पॅकार्ड आदि कंपन्यांनीं तिसरा गट उभारला, व २००१ सालीं प्लस आर-डब्ल्यू आणि २००२ सालीं प्लस आर या नांवाच्या तबकड्या बाजारांत आणल्या. दिसावयास सर्व सारख्या, आकारानें सारख्या, आणि मुख्य मानाच्या तबकड्यांची धारणशक्तिहि एका बाजूस ४.७ अब्ज बाइट एवढीच. परंतु एका पक्षाच्या आरंभीच्या रेकॉर्डरांस दुसऱ्या पक्षाची तबकडी चालत नसे. वजाबाकीच्या व बेरजेच्या त्या इवल्याशा चिन्हाकडे दुर्लक्ष करणाऱ्या ग्राहकास दुकानाच्या दोन खेपा कराव्या लागत. एवढ्यानेंहि संपलें नाहीं. मायनस आर तबकडीच्याहि दोन जाती होत्या: घरगुती यंत्रांकरितां ६५० नॅनोमीटर लहरीच्या किरणाची, आणि चित्रपट-निर्मात्यांकरितां ६३५ नॅनोमीटरची. दुसरी जात घरगुती रेकॉर्डरांत मुळींच लिहिली जात नसे. जपानांत २००४ सालापासून डिजिटल प्रक्षेपणावर एकदांच प्रत घेण्याचें बंधन आलें, तेव्हां असे कार्यक्रम टिपण्यासाठीं सी.पी.आर.एम. या रक्षण-संकेतास अनुकूल तबकडी लागूं लागली. म्हणजे वेष्टनावरील बारीक अक्षरें वाचणें हा ग्राहकाचा पहिला धर्मच होऊन बसला.

दुसरा धर्म म्हणजे हेतु ओळखणें. आर तबकडीवर एकदांच लिहितां येतें. आर-डब्ल्यूवर सुमारें एक हजार वेळां. आणि रॅमवर सुमारें एक लाख वेळां. पुसतां येणाऱ्या तबकड्यांत रंगद्रव्य नसून धातूंचें मिश्रण असतें. तें किरणाच्या तापानें कधीं स्फटिकरूप तर कधीं अस्फटिक होतें. त्यांवरून प्रकाशाचें परावर्तन कमी होत असल्यानें कित्येक जुन्या यंत्रांस त्या वाचतां येत नसत. म्हणून आजची मालिका उद्यां पाहून पुसावयाची असेल तर आर-डब्ल्यू, मुद्रणाची कापाकाप करावयाची असेल तर रॅम, आणि मुलीच्या लग्नाचें चित्रण नातवंडांपर्यंत पोंचवावयाचें असेल तर उत्तम प्रतीची आर, असा साधा विवेक होता. परंतु पाटीला जी पाटी तीच वही, अशा समजुतीनें अनेकांनीं हातीं आली ती तबकडी वापरली.

तिसरी गोष्ट वेगाची. पेटीवर मोठ्या अक्षरांत आठपट, सोळापट असे आंकडे छापलेले असत, आणि ज्यावर आंकडा मोठा ती तबकडी चांगली असें ग्राहकास वाटे. वस्तुतः दूरदर्शनवरील कार्यक्रम टिपणाऱ्या रेकॉर्डरास घाई नसतेच. दोन तासांचा कार्यक्रम तो दोन तासांतच लिहितो. सोळापट वेग हा संगणकास उपयोगी, रेकॉर्डरास निरर्थक. उलट कित्येकदां तो अपायकारकच ठरे. कारण प्रत्येक रेकॉर्डराच्या स्मरणांत निरनिराळ्या तबकड्यांची एक यादी कारखान्यांतच भरलेली असते: अमुक तबकडीवर किरण किती तीव्र ठेवावा, त्याचें स्पंदन किती लांबीचें करावें, हें तो त्या यादीवरून ठरवितो. यंत्र जुनें आणि तबकडी त्याच्या मागाहून निघालेली असली कीं यादींत तिचें नांव सांपडत नाहीं. मग तें यंत्र अंदाजानें लिहितें, अथवा तबकडी परतच करतें. विशेषतः अधिक वेगाच्या आर-डब्ल्यू तबकड्या आरंभीच्या रेकॉर्डरांनीं स्वीकारल्या नाहींत. म्हणूनच यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत कोणत्या कंपन्यांच्या व कोणत्या वेगाच्या तबकड्यांची शिफारस केली आहे, तें पाहून त्याच घेणें हा जाणत्यांचा मार्ग होता.

यादींतील नांव म्हणजे पेटीवरील नांव नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. प्रत्येक कोऱ्या तबकडींत तिच्या खऱ्या निर्मात्याचा संकेत कारखान्यांतच उमटविलेला असतो, आणि रेकॉर्डर वाचतो तो हा संकेत. पेटीवर नांव एका प्रसिद्ध कंपनीचें, तबकडी तैवानांतील सी.एम.सी. मॅग्नेटिक्सची किंवा रायटेकची, असें सर्रास घडे. आणि त्याच नांवाची पुढली पेटी निराळ्याच कारखान्यांतून आलेली असे. पारखी लोकांत ताइयो युदेनच्या तबकड्यांचा, तसेंच मित्सुबिशी केमिकलच्या ॲझो रंगद्रव्याच्या, म्हणजे व्हर्बेटिम या नांवानें विकल्या जाणाऱ्या तबकड्यांचा लौकिक मोठा होता. लौकिक झाला तेव्हां त्यांच्या संकेताची नक्कल करणारेहि निघाले. साध्या डोळ्यांस यांतील कांहींच दिसत नसे. धान्य, कापड, भांडें हातीं घेऊन पारखतां येतें. कोरी तबकडी मात्र उत्तम असो वा हीन असो, सारखीच चकाकते.

या व्यवसायांत भारताचाहि वांटा मोठा होता. १९८३ सालीं दिल्लींत स्थापन झालेली मोझर बेअर इंडिया ही कंपनी पुढें फ्लॉपी, व १९९९ पासून लिहितां येणाऱ्या तबकड्या करूं लागली. नोएडा व ग्रेटर नोएडा येथील कारखान्यांच्या बळावर तिनें जगांतील प्रमुख उत्पादकांत स्थान मिळविलें. परंतु तैवान, जपान व भारत यांच्या चढाओढींत तबकडीची किंमत इतकी घसरली कीं, चांगल्या मालास अधिक दाम देणारा ग्राहकच दुर्मिळ झाला. एका वेळीं जपूनजपून वापरली जाणारी वस्तु पन्नास-पन्नासांच्या चळतींत विकली जाऊं लागली. स्वस्ताईनें तबकडी घरोघर पोंचली हें खरें. पण ती घेतांना विचार करण्याची संवयहि त्याच स्वस्ताईनें मोडली.

याचा परिणाम घरगुती जीवनावर कसा झाला तें पहावें. पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत लग्नामुंजींच्या व्ही.एच.एस. कॅसेट होत्या. त्यांस बुरशी लागूं लागली, तेव्हां त्या तबकडीवर उतरवून घेण्याची लाट आली. कोणी हें काम फोटो-स्टुडिओंतून करवून घेतलें, तर कोणी परदेशांतील मुलानें आणलेल्या रेकॉर्डरावर घरींच केलें. पैसे वांचावेत म्हणून एका तबकडीवर दोन तासांच्या जागीं सहा तास भरले गेले, आणि तितक्या प्रमाणांत चित्र पुसट झालें. वर सुबक दिसावें म्हणून कागदी चिठ्ठ्या चिकटविल्या गेल्या. चिठ्ठीनें तबकडीचा तोल जातो व डिंकाचा दीर्घकाळ उपद्रव होतो, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. कित्येकांनीं मुद्रणानंतरची फायनलाइझ करण्याची अखेरची क्रिया केलीच नाहीं. घरच्या रेकॉर्डरांत ती तबकडी दिसे, म्हणून काम झालें असें वाटलें. रेकॉर्डर बिघडल्यावर मात्र इतर यंत्रांस ती कोरीच भासूं लागली. आणि सर्वांवर कडी म्हणजे, आतां तबकडी झाली, या समाधानांत मूळ कॅसेट रद्दींत गेल्या. पांढरी बुरशी धरलेली कॅसेटहि पुष्कळदां साफ करून चालवितां येते. ज्या तबकडीचें रंगद्रव्य पालटलें किंवा चकाकता थर गंजला, तिला उपाय नाहीं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें २००३ सालीं तबकड्यांच्या जतनाविषयीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तींतील उपदेश अगदीं घरगुती वळणाचा आहे: तबकडी कडेनें धरावी, पेटींत उभी ठेवावी, ऊन, उष्णता व दमटपणा यांपासून दूर ठेवावी, चिठ्ठी चिकटवूं नये, लिहावयाचें तर मऊ टोंकाच्या, तीव्र द्रावक नसलेल्या शाईच्या लेखणीनें लिहावें. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत दमटपणाची सूचना तर विशेषच स्मरणांत ठेवण्यासारखी आहे.

आतां हा व्यवसायच मावळतीस आला आहे. ताइयो युदेननें २०१५ च्या अखेरीस या क्षेत्रांतून अंग काढून घेतलें. मोझर बेअर २०१८ सालीं अवसायनांत निघाली. व्हर्बेटिम हें नांव २०१९ मध्यें सी.एम.सी.कडे गेलें. सोनीनें लिहितां येणाऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचें उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारींत थांबविलें. तेव्हां आज महत्त्व आहे तें कोऱ्या तबकडीच्या निवडीपेक्षां भरलेल्या तबकडीच्या विचारपुशीला. कपाटांतील प्रत्येक तबकडी एकदां आरंभापासून शेवटपर्यंत चालवून पहावी. चित्र अडखळत असेल तर तिची प्रत त्याच आठवड्यांत संगणकावर उतरावी, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. मुद्रण झालें त्या जातीचा रेकॉर्डर अद्याप चालत असेल, तर राहून गेलेली फायनलाइझ करण्याची क्रिया त्यावरच उरकून घ्यावी. मूळ कॅसेट शिल्लक असेल तर ती टाकूं नये.

पूर्वींच्या पिढींत दस्तऐवज लिहावयाचा झाला म्हणजे घरांतील वडील माणूस कागद स्वतः निवडून आणीत असे. लिहिणारा कारकून कोणीहि चाले. कागद मात्र भरंवशाचा लागे. तो विवेक मागासलेला नव्हता. कोरी असते तोंवर वस्तु स्वस्त असते, आणि तिच्यावर आपल्या माणसांचें हसणें-बोलणें उमटलें कीं तीच अमोल होते. निवड मात्र ती कोरी असतांनाच करावयाची असते.