विष कोणाच्या वस्तीखाली?

प्रदूषणाला जात नसते, असे आपल्याला सांगितले जाते. मग अमेरिकेतल्या टेक्सासमधील सॅन अँटोनिओचा इतिहास पाहा.

तिथे 1917 साली केली हा लष्करी हवाई तळ उभा राहिला आणि पुढे विमानदुरुस्तीचे मोठे केंद्र झाला. सुट्या भागांवरचे ग्रीस काढायला ट्रायक्लोरोएथिलीनसारखी रसायने वापरली जात. ती जमिनीत मुरली आणि उथळ भूजलातून कुंपणाबाहेरच्या हजारो घरांखाली पसरली. ही वस्ती मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. त्यांतले अनेक जण त्याच तळावर राबले होते.

2001 मध्ये तळ बंद झाला. विष मागे राहिले. हवाई दलाने दूषित पाणी उपसून शुद्ध केले, भूजलाच्या वाटेत लोहकणांच्या भिंती गाडल्या. पण आजारांचा प्रश्न निघाला की उत्तर एकच : थेट संबंध सिद्ध झालेला नाही. तेव्हा रहिवासी संघटित झाले. कर्करोग झालेल्यांच्या घरांसमोर त्यांनी जांभळे क्रूस रोवले.

ज्याच्या अंगणात विष आले, पुरावाही त्यानेच द्यायचा, हा कुठला न्याय?

1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा प्रश्न समतेचा केला. म्हणून मित्रांनो, किती माती उपसली एवढेच विचारू नका. कुंपणाला लागून कोणाला राहावे लागले, हे आधी विचारा.