दोन दप्तरांमधली नदी

दिवाळीच्या सुमारास भाचीचा फोन आला. पोरगी भूगोलात एम.ए. करतेय. म्हणाली, "मामा, मला वर्धा नदीवर लिहायचंय. म्हणजे उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या नद्या, त्यांचे काठ, टेकड्या, हे सगळं. कोणती पुस्तकं बघू? तुमच्याकडे यादी असेल ना?"

मी ऐटीत म्हणालो, "पाठवतो." आमच्या घराण्यात पुस्तकाचं काही निघालं की माझ्याकडे बोट दाखवतात, आणि मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू! पण यादी करायला बसलो आणि दोन महिने गेले. यादी झाली, पण तिच्यात एक गोम निघाली. ती गोम यादीपेक्षा मोठी वाटली म्हणून हे लिहितोय.

आधी एक शंका दूर करतो. वर्धा जिल्हा म्हणजे काही वाळवंट नव्हे. जोधपूरला वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे साधारण हजार. पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातलाही बराचसा मोजक्या दिवसांत. खाली काळा बेसाल्ट. या दगडाच्या पोटात पाणी फारसं राहत नाही. जे राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. ते संपलं की नाला आटला. होळीपर्यंत लहान नाले कोरडे, आणि अक्षय्य तृतीयेला बायका रेतीत झिरे खणून पाणी भरतायत, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे कोरड्या मुलखातल्या नद्यांचं शास्त्र आपल्याला लागू पडतं. लिओपोल्ड आणि मिलर या दोघा अमेरिकनांनी न्यू मेक्सिकोतल्या अशाच कोरड्या ओढ्यांवर १९५६ साली एक निबंध लिहिला. पाऊस आल्यावरच वाहणारा ओढा बारमाही नदीसारखा वागत नाही, त्याचं पाणी खाली जाता जाता रेतीत मुरतं आणि गाळाचं प्रमाण वाढत जातं, हा त्यांचा एक मुद्दा. भाचीच्या यादीत तो पहिला टाकला.

आता गोम सांगतो.

वर्धा नदी सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते. तापीही तिथलीच. एक पश्चिमेला अरबी समुद्राकडे गेली, दुसरी आपल्याकडे येऊन पुढे वैनगंगेला मिळाली, प्राणहिता झाली आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला गेली. जिल्ह्याचा नकाशा काढून बघा, पश्चिमेची सगळी हद्द ही नदीच आहे. ही हद्द जुनी आहे. १८०३ च्या डिसेंबरात देवगावचा तह झाला. त्यात नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. तेव्हापासून अलीकडचा काठ नागपूरचा, पलीकडचा निजामाचा. पुढे १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. म्हणजे दोन्ही काठ इंग्रजांकडेच आले. पण कागद काही एक झाले नाहीत. आपल्याकडे मध्य प्रांत आणि मालगुजारी. पलीकडे वऱ्हाड आणि मुंबई पद्धतीची रयतवारी. इकडे गावाचा जबाबदार मालगुजार, तिकडे प्रत्येक शेतकरी सरकारला थेट सारा भरणार.

याचा नदीशी काय संबंध? खूप आहे. १८७० साली चार्ल्स ग्रँटने मध्य प्रांताचं गॅझेटियर काढलं. त्याच १८७० साली आल्फ्रेड लायलने वऱ्हाडचं गॅझेटियर काढलं. एकच नदी, एकच वर्ष, दोन पुस्तकं. आणि दोन्हींत ती काठाची रेघ! इथे आपलं संपतं, एवढंच सांगायला आलेली. पुरात नदी इकडचं वावर कापते आणि तिकडे गाळ टाकते. नुकसान एका दप्तरात आणि नफा दुसऱ्या दप्तरात. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय नदी हललेली दिसत नाही. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तरी जमाबंदीची दोन वळणं राहिलीच. मालगुजारी गेली १९५१ साली, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी सरकार बदललं आणि कागदाचा माग काढणं आणखी कठीण झालं.

आपल्या काठाचे मुख्य कागद असे. रिव्हेट-कार्नाकचा १८६७ चा बंदोबस्ताचा अहवाल. त्याच्या पाच वर्षं आधी, १८६२ साली, नागपुरातून फोडून हा जिल्हा केला होता, आणि वर्धा शहर तर १८६६ चं. मग रसेलचं १९०६ चं वर्धा जिल्हा गॅझेटियर. मग महाराष्ट्र शासनाचं १९७४ चं. पण ही सगळी वरच्या माणसांनी लिहिलेली. खालचा कागद वेगळाच, आणि तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हाताळलेला आहे. जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल काढायला आपण तहसिलीत खेटे घातलेत की नाही? आपण फक्त पणजोबांच्या नावापुढची जात बघून नक्कल फाइलला लावतो. पण त्याच वहीत गावातले मृत्यू आहेत, तारखेनिशी, आणि कारणाचा रकानाही. नदीकाठच्या गावात एकाच दिवशी चार जण बुडाल्याची नोंद असेल तर तो पूर झाला. गॅझेटियरवाल्याला तो पूर माहीतही नसेल. बंदोबस्ताच्या मिसलीत आणि गावच्या नकाशात नाल्याची वळणं आहेत, वाजिब-उल-अर्जमध्ये गावाचे पाण्याचे रिवाज आहेत. नदी शोधायला म्हणून हे कागद कुणी उघडत नाही.

दुसरी जात भूगर्भवाल्यांची. त्यांना नदीत रस होता तो एवढ्यासाठीच की नदी जमीन कापते आणि कापलेल्या दरडीत खडकांचे थर उघडे दिसतात. टी. डब्ल्यू. एच. ह्यूजचा 'वर्धा खोऱ्यातला कोळसा' हा मोठा ग्रंथ १८७७ चा. गंमत म्हणजे तो कोळसा मुख्यतः चंद्रपूर-यवतमाळकडचा, आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला फक्त नाव आलं :-)

त्याच्याही आधीचा स्टीफन हिस्लॉप. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाने आहे, तोच. मिशनरी म्हणून १८४५ साली नागपुरात आला आणि दगड, जीवाश्म, गोंडांच्या कहाण्या असं दिसेल ते गोळा करत सुटला. हंटरबरोबर त्याने नागपूर परिसराच्या भूगर्भावर १८५५ साली लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला. परतताना रात्र झाली, वाटेतला नाला पावसाने फुगला होता, त्यात हा माणूस बुडाला. त्याचे अपुरे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापले. टाकळघाट आपल्या जिल्ह्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. या मुलखाचे दगड ओळखणारा पहिल्या फळीतला माणूस, आणि त्याला नेलं एका नाल्याने. आठ महिने कोरड्या पायाने ओलांडता येणारी नदी आपलं सगळं काम काही तासांत उरकते, हे पुस्तकातलं वाक्य मला हिस्लॉपमुळे कळलं.

ज्यांना हे फार जुनं वाटतं त्यांनी मोवाड आठवावं. ३० जुलै १९९१. वर्धा नदीकाठचं नरखेड तालुक्यातलं गाव, एका पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली. पुढे गाव उंचावर नव्याने वसवावं लागलं.

आता मोजमापाचं. केंद्रीय जल आयोग वर्धेवर हिवऱ्याला आणि वेणेवर नांदगावला पाणी मोजतो, आणि गोदावरी खोऱ्यातले हे आकडे आज इंडिया-डब्ल्यूआरआयएसच्या संकेतस्थळावर बघता येतात. भाचीला एकच सांगितलं, महिन्याची सरासरी बघू नकोस, वर्षातला सर्वांत मोठा पूर बघ. सरासरीत मोवाडसारखी रात्र विरून जाते.

नकाशांची चैन तर विचारू नका. भारतीय सर्वेक्षणाचे पत्रक ५५, त्यातला बराचसा जिल्हा ५५ एल मध्ये. अमेरिकी लष्कराने पन्नाशीच्या दशकात केलेले अडीच लाखाच्या प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाने सगळ्यांसाठी ठेवलेत. अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ मध्ये काढलेले कोरोना फोटो १९९५ साली खुले झाले. धरणांच्या आधीची खोरी त्यात सापडतात. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची, २००८ पासून फुकट. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून घेतलेली जमिनीची उंची, तीही फुकट. इस्रोचं भुवन २००९ पासून. आमच्या वेळी एका टोपोशीटसाठी अर्ज करून बसावं लागायचं, असं म्हणायचा मोह आवरतो.

हे सगळे कागद फार तर दोनशे वर्षं मागे जातात. त्याआधीचं काय? तिथे नदीचा स्वतःचा कागद सुरू होतो: काठाच्या दरडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांकलियांच्या परंपरेतल्या राजगुरूंनी आणि पुणे विद्यापीठाच्या विश्वास काळ्यांनी दख्खनच्या नद्यांच्या दरडी वाचल्या. त्यांचा १९८७ चा निबंध 'नेचर'मध्ये आला. ढोबळ सांगायचं तर, मोसमी पाऊस मंद होता त्या काळात नद्यांनी आपली पात्रं गाळाने भरली, आणि पाऊस पुन्हा जोरात सुरू झाला तेव्हा त्याच गाळात खोल कापत गेल्या. काळे आणि सहकाऱ्यांनी नर्मदा-तापीवर जुन्या महापुरांनी कडेच्या शांत कोपऱ्यांत टाकलेले बारीक गाळाचे थर शोधले. कोतवालाने न लिहिलेला पूर असा सापडतो.

आपल्याकडे माणसाच्या वस्तीचे थरही नदीलाच धरून आहेत. वर्धेच्या पलीकडच्या काठावर कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, तिथे मो. गं. दीक्षितांनी १९६२ ते ६४ मध्ये उत्खनन केलं. अलीकडे धाम नदीवर पवनार. वाकाटकांचं प्रवरपूर ते हेच, असं मिराशींचं मत. मनसरच्या बाजूनेही अभ्यासक बोलले आहेत. तिथे नागपूर विद्यापीठासाठी देव आणि ढवळीकरांनी १९६७ साली खणलं. त्याच्या कितीतरी आधी विनोबांच्या आश्रमाच्या जमिनीत कुदळ मारताना मूर्ती निघाल्या होत्या, भरतभेटीची त्यातलीच. पुन्हा तेच बघा, दोन काठ, दोन उत्खनन अहवाल.

आणि जे पुस्तकात नाही ते लोकांच्या तोंडी आहे. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. बाबांची टर उडवणाऱ्या व्यापाऱ्याचा सगळा माल दगड झाला, तेच हे गोल गोटे, अशी गोष्ट. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजं तयार झाली, भोवतीचा दगड झिजला आणि हे गोटे मोकळे झाले, हे शास्त्र. गोष्ट रचणाऱ्याने निरीक्षण मात्र अचूक केलं होतं: हे गोटे या टेकडीचे वाटत नाहीत, कुणीतरी आणून सांडल्यासारखे वाटतात.

यादी इथे संपायला हवी होती. पण उन्हाळ्यात भाचीला घेऊन नदीवर गेलो. दरड शोधत होतो. एक म्हातारे गृहस्थ शेळ्या घेऊन आले.

"काय पाहून राहिले जी?"

"नदी पाहून राहिलो, काका. पूर कुठपर्यंत येत होता इथे?"

"त्या निंबापर्यंत आला होता एकडाव. माह्या मोठ्या पोरीचं लगन झालं त्या साली."

भाचीने वहीत लिहून घेतलं, पोरीच्या लग्नाचं सालही विचारलं. मग तिने विचारलं, "आणि इथली रेती कुठे गेली, आजोबा?" पात्रात नुसता काळा खडक आणि टायरांच्या चाकोऱ्या होत्या. काकांनी हाताने रस्त्याची दिशा दाखवली. "गेली ना बापा, टिप्परमंदी."

तेव्हा मला माझ्या यादीतली खरी उणीव समजली. दोन दप्तरांत विभागलेली नदी जिथे अखंड नोंदलेली होती ती जागा म्हणजे हे पात्र आणि या दरडी. गॅझेटियरची दुसरी प्रत कुठल्यातरी ग्रंथालयात असते. रेतीच्या थराची नसते. तो एकदा खोऱ्याने भरला की कुठला पूर, किती मोठा, किती जुना, हे कायमचं गेलं. आणि काय योगायोग, २०१६ पासून रेतीघाटांचा लिलाव करायचा तर आधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो. त्यात नद्या, पात्रं, रेतीचे साठे सगळं लिहिलेलं असतं. भाचीच्या यादीत मी तोही टाकलाय. विकायला काढलेल्या पानांची ती अनुक्रमणिकाच आहे.

भाचीने विषय थोडा बदललाय. आता ती एकाच नाल्याच्या दोन किलोमीटरमधल्या उरलेल्या दरडी मोजते, फोटो काढते, थरांची जाडी टेपने मोजून लिहिते. येत्या पावसाळ्याआधी संपवायचं म्हणते.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. कोतवाल बुकाच्या जुन्या नकला, गावचा नकाशा, पुराच्या वेळचा एखादा पिवळा पडलेला फोटो घरात असेल तर फेकू नका, तिला पाठवा. आणि आर्वीच्या आत्यांनी पुराची ती गोष्ट, मांजर कौलावर अडकल्याची, तिला एकदा नीट सांगावी. साल आठवत नसेल तर कुणाचं लग्न झालं ते सांगा, ती काढेल.