अपील कुणाचं? बीड, डॉक्टर आणि एक नोंदवही

मंडळी, या वीकेंडला जरा रुक्ष वाटेल असा विषय घेतोय. कायद्याची कलमं आहेत, पण कंटाळू नका. गोष्ट आपल्या बीडची आहे.

अलीकडच्या वर्षांत बीडचं नाव डॉक्टरांमुळे दोनदा देशभर गाजलं. दोन्ही वेळा कारण वाईटच. पहिली वेळ २०१२ ची. परळीत डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यात गर्भपात करताना एका बाईचा मृत्यू झाला आणि मुली नकोत म्हणून काय काय चालतं ते चव्हाट्यावर आलं. आदल्याच वर्षीच्या जनगणनेत बीडमध्ये ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली निघाल्या होत्या. राज्यातला सगळ्यात कमी आकडा! अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने तर याच दवाखान्यात २०१० मध्येच स्टिंग केलं होतं.

दुसरी वेळ २०१९ ची. ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं सर्रास काढली जातायत अशा बातम्या आल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. यातल्या किती जणींना तिची खरंच गरज होती, हा वादाचा मुद्दा.

आता प्रश्न असा, की अशा वेळी डॉक्टरला जाब कोण विचारतं? तुरुंगात टाकायचं काम कोर्टाचं. भरपाई ग्राहक न्यायालय देतं. पण "तू आता डॉक्टर नाहीस" हे म्हणायचा अधिकार मेडिकल कौन्सिलचा, कारण डॉक्टरांची नोंदवही तिच्याकडे असते. आणि कौन्सिलचा निर्णय पटला नाही तर अपील कुणी करायचं? या एका प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

सुरुवात इंग्लंडमध्ये. तिथे १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल आली. तिने नाव काढलं की विषय संपला, अपीलच नाही! चौकशी नीट झाली नाही एवढंच फार तर कोर्टात म्हणता यायचं. डॉक्टरला प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करायचा हक्क मिळाला थेट १९५० मध्ये. म्हणजे ९२ वर्षांनी.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१२ साली मेडिकल अ‍ॅक्ट झाला. बीडचा तेव्हा मुंबईशी काही संबंध नव्हता, कारण ते निजामाच्या राज्यात. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६५ मध्ये महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला. तेव्हापासून परळीच्या डॉक्टरचं नाव मुंबईतल्या नोंदवहीत.

डॉक्टरला अपील हवंच, यात वाद नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत एका एलएमएस डॉक्टरचं नाव काढलं गेलं. गुन्हा काय, तर आयुर्वेदाच्या कॉलेजशी संबंध सोडला नाही! वरिष्ठांच्या अशा लहरीवर माणसाचं पोट अवलंबून असू नये. म्हणून १९५६ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्टच्या कलम २४ ने वाट करून दिली: राज्याच्या नोंदवहीतून नाव गेलं तर डॉक्टरने केंद्र सरकारकडे अपील करावं.

पण नीट वाचा. ज्याचं नाव गेलं तो अपील करणार. तक्रारच फेटाळली गेली तर? नाव कुणाचंच गेलं नाही, मग अपील कसलं? आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तिकीट उघडायची सोय तुम्हाला, पण ते चुकीचं बंद झालं तर पुन्हा उघडायची परवानगी फक्त समोरच्याला!

ही त्रुटी २००४ मध्ये भरून निघाली. १९९८ मध्ये अनुराधा साहा यांचा उपचारातल्या चुकांनी मृत्यू झाला. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा अनेक वर्षं लढत राहिले. डॉक्टरांच्या कौन्सिल तक्रारी दाबतात हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २००२ च्या आचारसंहितेत मग दोन कलमं वाढली. राज्य कौन्सिलने सहा महिन्यांत निकाल दिला नाही तर प्रकरण दिल्लीकडे नेता येईल. आणि निकाल पटला नाही तर "कोणतीही नाराज व्यक्ती" ६० दिवसांत अपील करू शकेल. कोणतीही! म्हणजे रुग्णसुद्धा.

ही सोय टिकली १६ वर्षं. सप्टेंबर २०२० मध्ये जुनी कौन्सिल जाऊन नॅशनल मेडिकल कमिशन आलं. नव्या कायद्याच्या कलम ३० मध्ये दोन पायऱ्यांचं अपील आहे, आधी एथिक्स बोर्ड आणि मग कमिशन. पण ते कुणाला, तर कारवाईने नाराज झालेल्या डॉक्टरला. रुग्णाचा उल्लेखच नाही. त्यावर बोट ठेवून रुग्णांची अपिलं परत पाठवली गेली, आणि वाद पुन्हा पेटला.

गंमत बघा, ज्यांच्याकडून आपण ही पद्धत उचलली त्या इंग्लंडमध्येही रुग्णाला स्वतः अपील नाही. पण शिक्षा फारच सौम्य वाटली तर ती हायकोर्टात न्यायला तिथे वेगळी संस्था आहे. आपण तेवढंही घेतलं नाही.

आता बीडला परत येऊ. समजा, धारूर किंवा वडवणीकडच्या एखाद्या ऊसतोड बाईने तक्रार केली. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन ती कारखान्याकडे निघते, सहा महिने कोपीवर. मुंबईचा निकाल गावातल्या पत्त्यावर येणार. २००४ चा नियम असता तरी ६० दिवस उसाच्या फडातच संपले असते. पण निदान हक्क तरी होता. आता तक्रार फेटाळली तर तिच्यापुढे उरते हायकोर्टातली रिट याचिका. म्हणजे वकील, खर्च, तारखा आणि बुडालेली मजुरी.

आणि नुसतं नाव काढून सगळं भागतं असंही नाही. मुंडे यांची नोंदणी निलंबित झाली, २०१९ मध्ये पती-पत्नीला १० वर्षांची शिक्षा झाली. तरी २०२० मध्ये, जामिनावर असताना, ते परळीजवळ पुन्हा रुग्ण तपासताना सापडले. ते पकडलं जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांनी, मुंबईतल्या नोंदवहीने नाही.

तर सांगायचा मुद्दा एवढाच: अपील ही काही डॉक्टरांना दिलेली सवलत नाही, चुकीचा निकाल दुरुस्त करायची ती सोय आहे. आणि निकाल दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. निर्दोष डॉक्टरचं नाव जाऊ शकतं, तसं दोषी डॉक्टरचं नाव राहूही शकतं. कलम ३० मध्ये "डॉक्टर" या शब्दाशेजारी "तक्रारदार" हा एक शब्द घालायला संसदेला किती वेळ लागेल? असो. तोपर्यंत त्या १३,८६१ जणींपैकी कुणी तक्रार केलीच, तर पहिला निकालच बरोबर लागो, एवढंच म्हणू शकतो.