लिहिण्याचें मेज : राजवाड्यांतील व कचेरींतील

ज्युबिलीच्या ग्रंथांत देवळाच्या बांधणीचा व धर्मगुरूंच्या कार्याचा इतिहास येतो. परंतु ज्या मेजावर पिढ्यानपिढ्यांच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी लिहिल्या गेल्या, त्या मेजाचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. लांकडी सामान जुनें झालें कीं अडगळींत जातें आणि तेथून भंगारवाल्याच्या हातगाडीवर. त्यांत काय गमावलें जातें हें ध्यानांत यावें म्हणून दोन प्रकारच्या मेजांची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें मेज एका मराठी राजघराण्यांतील आहे. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर ह्यांनीं १९३० ते १९३३ ह्या काळांत एकार्ट मुथेसियुस ह्या जर्मन स्थपतीकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला. वेलबुट्टी व सोनेरी मुलामा ह्यांस तेथें फांटा दिलेला होता. साध्या रेषा, धातु, कांच व उत्तम लांकूड ह्यांवरच सारी भिस्त होती. महाराजांच्या अभ्यासिकेंत फ्रान्सचे ख्यातनाम कारागीर रुलमान ह्यांचें मकॅसर आबनुसाचें भव्य मेज होतें. त्याच वाड्यांत ल कॉर्बूझिए, त्यांचे चुलतबंधु प्येर जनरे व शार्लोत पेरियां ह्यांनीं आंखलेली आरामखुर्चीही होती. महाराज १९६१ सालीं निवर्तले आणि १९८० सालीं वाड्यांतील सामानाचा मोठा लिलाव दूर मोनॅकोस झाला. माणिकबागेंत पुढें सरकारी कर खात्याची कचेरी आली. २०१९ सालीं ह्या सामानाचें प्रदर्शन भरलें तें पॅरिसला. इंदूरची वस्तु पाहावयास इंदूरकरांस सातासमुद्रांपलीकडे जाणें आलें.

दुसरें मेज राजाचें नव्हे, कारकुनाचें. फाळणींत लाहोर गेल्यावर पंजाबसाठीं चंदिगड ही नवी राजधानी उभारावयाचें ठरलें, आणि वर सांगितलेले कॉर्बूझिए व जनरे १९५१ सालीं त्या कामावर आले. जनरे तेथें १९६५ पर्यंत राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय व विद्यापीठ ह्यांस हजारों मेजें-खुर्च्या हव्या होत्या; त्या देशी सुतारांनीं बहुतांशीं सागवानांत घडविल्या. सागाच्या अंगीं तेल असतें, त्यामुळें त्यास वाळवी सहसा लागत नाहीं व पावसाळ्यांत तो फारसा फुगत नाहीं. तिरपे पाय, साधे खण, नक्षी मुळींच नाहीं. आणि अनेक नगांवर खात्याचीं अक्षरें व क्रमांक रंगविलेला. आपल्या पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तोच हा काळ.

पुढें हें सामान मोडकळीस आलें, ढिगानें पडून राहिलें व भंगाराच्या भावानें लिलावांत निघालें. परदेशी व्यापाऱ्यांनीं तें नेलें, डागडुजी केली व युरोप-अमेरिकेंत लाखों रुपयांस विकलें. केंद्रीय गृह खात्यानें २०११ सालीं त्याच्या विक्रीस व निर्यातीस मनाई केली. परंतु तोंवर पुष्कळ माल गेला होता. ज्या क्रमांकांकडे पूर्वीं कोणी ढुंकून पाहिलें नव्हतें, तेच क्रमांक आतां अस्सलपणाचा पुरावा ठरले आहेत.

प्रत्येक जुनें मेज लाखमोलाचें असतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मोशी-चिखलीच्या ह्या कारखानदारीच्या पट्ट्यांत कोणाच्या घरीं, शाळेंत किंवा सॅक्रिस्तींत तसें मेज असेल, तर तें विकण्यापूर्वीं खण ओढून पाहावा. कोपरे खिळ्यांवांचून दात्यांत दाते गुंतवून जोडलेले असतील व लांकडाच्या रेषा कडेवरून खालच्या अंगासही तशाच उतरल्या असतील, तर तें भरीव लांकूड व जाणत्या हाताचें काम समजावें. मग तें कोणीं घडविलें, कोणीं दिलें व कोणत्या सालीं, हें एका कागदावर लिहून त्याच खणांत ठेवावें.

होळकरांचें मेज कोणीं घडविलें हें जगास ठाऊक आहे. चंदिगडच्या सुतारांचीं नांवें फारशीं कोणास ठाऊक नाहींत. आपल्या मेजाच्या सुताराचें नांव सांगणारे वडीलधारे हयात आहेत, तोंवरच तें लिहून घेतलेलें बरें.