मनगटातली थरथर

डायलिसिसवरचा माणूस जोतिबाच्या चैत्र यात्रेला निघाला, तर घरचे एकच बजावतात: फिस्टुलाचा हात सांभाळ. त्या मनगटावर आवळून गंडादोरा बांधायचा नाही, सासनकाठीचा, म्हणजे यात्रेतल्या उंच काठीचा, दोर त्या हाताने ताणायचा नाही. त्या मनगटावर बोट टेकवलं, तर कातडीखाली अखंड थरथर लागते.

ही थरथर १९६६ सालची. त्याआधीची गोष्ट म्हणजे शिरा शोधण्याची वणवण.

१९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन आवरणातून रक्त फिरवून ते शुद्ध करणारं यंत्र बनवलं. यंत्र चाललं, पण दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. शिरा संपल्या की उपचारही संपे. १९६० मध्ये सिअ‍ॅटलच्या डॉ. स्क्रिबनर यांनी हातावर टेफ्लॉनची नळी कायमची बसवली. तिच्यात गुठळ्या होत, जंतू शिरत. शेवटी न्यूयॉर्कमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी नळीच बाद केली आणि मनगटाजवळ धमनी थेट शिरेला जोडली. हाच तो फिस्टुला. धमनीच्या जोराने शीर फुगते, जाड होते, वर्षानुवर्षं सुया सोसते.

याची किंमत कधी कधी बोटं मोजतात. रक्ताला परतीची सोपी वाट मिळाली की पंजाकडे कमी जातं. मधुमेही रुग्णांची बोटं गार पडतात, मशीन चालू असताना ठणकतात. दुखणं वाढलं तर टोकं काळी पडतात. डॉक्टर फिस्टुला क्षणभर दाबून पाहतात. पंजाला रंग आला, की चोर सापडला!

महाराष्ट्रात डायलिसिसचा उपचार घरोघरी ठाऊक झाला तो बहुधा जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोकमध्ये आणलं. त्याच रुग्णालयाचं उद्घाटन १९७३ साली इंदिरा गांधींनी केलं होतं! डॉ. एम. के. मणी यांनी त्यांना डायलिसिसवर ठेवलं आणि जेपी त्यानंतर जवळपास चार वर्षं जगले.

तेव्हा ही चैन मोठ्या शहरांची होती. २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना आणि २०१६ चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांनी ती जिल्ह्यात आणली. जोतिबाच्या डोंगरावरचा रुग्ण आता कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे जुन्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, उतरू शकतो. पण फिस्टुला तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, आणि आपल्याकडे अनेकांना किडनी गेल्याचं कळतं तेच धाप लागल्यावर. मग पहिली सुरुवात मानेत घातलेल्या नळीनेच होते, गुठळ्या आणि जंतूंच्या त्याच जुन्या धास्तीसह.