राजाबाई टॉवरचा पैसा

दानशूर शेटजींच्या गोष्टी आपल्याला शाळेपासून पाजल्या गेल्या. प्रेमचंद रायचंद हे त्यातलं मोठं नाव. सुरतेचा माणूस, जन्म १८३१ चा. मुंबई विद्यापीठाला लायब्ररीसाठी २ लाख दिले, घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला आईचं नाव, राजाबाई. इतिहास इथं थांबतो. म्हंजे थांबवतात. मी म्हणतो, पैसा कुठनं आला तेही बघू.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. भांडण गुलामगिरीचं. तिकडच्या दक्षिणी राज्यांत चाळीस लाखांच्या आसपास काळी माणसं गुलाम होती. त्यांनी वेचलेल्या कापसावर लँकेशायरच्या गिरण्या चालत. उत्तरेच्या आरमारानं बंदरं कोंडली नि कापूस बंद झाला. मग गिरणीवाल्यांचं तोंड मुंबईकडं वळलं. खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असं सांगतात.

शेतकऱ्याच्या हातातही चार पैसे खुळखुळले, नाही असं नाही. पण मलई अडत्यांची, सावकारांची नि मुंबईच्या पेढ्यांची. प्रेमचंद त्या सगळ्यांचा बादशहा. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. बॅकबेचा समुद्र बुजवायला निघालेल्या कंपनीचा ५,००० चा शेअर ५०,००० वर गेला. समुद्र अजून समुद्रच होता!

एप्रिल १८६५ मध्ये गुलाम ठेवणारी बाजू हरली. तिकडं माणसं सुटली नि इकडं सट्टेबाजारात रडारड. १ जुलै १८६५ ला वायद्यांची मुदत भरली, पेढ्या धडाधड कोसळल्या. प्रेमचंदही बुडाला. त्याच्या शब्दावर कर्जं वाटणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली.

टॉवरचं दान मात्र तेजीतलं, १८६४ चं. पाया १८६९ ला, काम संपलं १८७८ ला. या नऊ वर्षांत खाली काय चाललं होतं? कापसाचा भाव पडलेला, सारा वाढलेला, शेतकरी कर्जात. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. १८७६ ते ७८ दुष्काळ. सरकारी कामावर खडी फोडणाऱ्याला दिवसाला एक पौंड धान्य नि वर थोडेसे पैसे. त्याच वेळी फोर्टात २८० फुटांचा मनोरा चढत होता. आणि त्यावर दगडात काय कोरलं? पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजातींचे पुतळे! विद्येच्या देवळावरही जात चढवल्याशिवाय यांचं भागत नाही.

आपल्यातला एखादा म्हणेल, ते काही का असेना, लायब्ररी तर झाली. झाली. बाबासाहेब १९०७ साली याच विद्यापीठाची मॅट्रिक पास झाले, तेव्हा पुस्तक नाकारा असं मी कशाला म्हणू? पण त्या पुस्तकात कापूस वेचणाऱ्या काळ्या बाईचा नि वऱ्हाडातल्या कुणब्या-महारांचा घाम आहे. शेटजीनं आपल्याला ते भीक म्हणून घातलेलं नाही. कपाटावरच्या नावाला हात जोडायची सक्ती आपल्यावर नको.

त्याच काळात जोतीराव फुले पुण्यात होते. तेही धंदेवाले, बांधकामाचे ठेके घेणारे. हंटर कमिशनपुढं १८८२ साली त्यांची नोंद व्यापारी आणि शेतकरी अशीच आहे. ज्या युद्धात शेटजींना कापसाचा भाव दिसला, त्यात जोतीरावांना गुलामांची सुटका दिसली. १८७३ ला त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली नि अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. आणि बँक ऑफ बॉम्बे गुंडाळली त्याच १८६८ सालात त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.